कुंपणावरचा पाव

आयर्लंडमधल्या या खेड्यात मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. नोरा आजींच्या कुंपणावर आज पुन्हा कागदात गुंडाळलेला ताजा पाव होता. समोरच्या बेकरीतले आजोबा तो रोज सकाळी ठेवून जातात. आजी त्याला हात लावत नाहीत. त्यांना पाव लागतो तो पाच मैलांवरच्या दुकानातला.

दोघांचे वडील इंग्रजांविरुद्ध एकत्र लढले, एकाच गोठ्यात लपले. मग इंग्रजांशी तह झाला आणि तो मानणारे नि न मानणारे एकमेकांवर उठले. बेकरीवाल्यांच्या वडिलांनी आजींच्या काकांना गोळी घातली.

"आजी, काकांना तुम्ही पाहिलं तरी होतं का?"

"नाही गं. माझ्या जन्माआधीच गेले."

"मग घ्या ना आज."

"बाबांनी घेतला असता का?"

मला चीड येते, पण कुणाची ते कळत नाही. इंग्रज आपल्या देशात निघून गेले. या वैराला जायला दुसरा देशच नाही.

कुंपणावर कावळे पाव तोडत होते. आजी खिडकीतून बघत होत्या. मी कालचा, लांबून आणलेला पाव त्यांच्यासाठी दुधात भिजवत होते. समोरून भट्टीचा वास येत होता.