लहानू आणि नव्या यंत्राचे डोळे

आमच्या नागपुरात समुद्र नाही, पण बंदर आहे. मिहानपासून जवळच, रुळांच्या कडेला. इथली संत्री, तांदूळ, सूत कंटेनरमध्ये सील होऊन रेल्वेने थेट समुद्रापर्यंत जातात. ते कंटेनर उचलून एकावर एक रचणारं डिझेलचं अवजड यंत्र लहानू बावणे तरुणपणापासून चालवत आला. मी तिथल्या हिशेब खात्यात आहे. माझ्या खिडकीतून तो रोज दिसायचा.

गेल्या वर्षी धूर नको म्हणून विजेवरची यंत्रं आली. त्यांत बसायला जागाच नाही. चालक वरच्या खोलीत पडद्यापुढे बसतो आणि यंत्राच्या कॅमेऱ्यांतून पाहतो. जुन्या चालकांना प्रशिक्षण मिळालं, शेवटी परीक्षा ठरली. जो नापास होईल, त्याचं काम संपणार.

लहानू धास्तावला. चहाच्या टपरीवर तो मला हळूच म्हणाला, "साहेब, त्या पडद्याकडे पाहून पाहून मले अंधुक दिसून राहिलं."

"मग डोळे तपासून घे."

"अन् मोतीबिंदू निघाला तं? परीक्षेलेच बसू देणार नाहीत." त्याने हे बायको मनकर्णालाही सांगितलं नव्हतं.

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याला यंत्राची पूजा दरवर्षी लहानूच करायचा. जुन्या यंत्राच्या कपाळाची जागा ठरलेली होती, नव्याला कपाळच सापडेना. शेवटी शिडीवर चढून त्याने झेंडूचा हार बांधला आणि समोर चकाकणाऱ्या दोन काचांवर ओल्या हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं ओढली. हात जोडून म्हणाला, "माय, आता तूच माह्ये डोळे." खाली आम्ही सगळे उभे होतो. प्रसाद वाटला, सोनं वाटलं. कोणाला काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला गुंजन मॅडम होत्या, मोठ्या बंदरात शिकून आलेल्या. साक्षीदार म्हणून ऑफिसने मला मागे बसवलं. मॅडम आपल्या टॅबलेटवर काही नोंदवत होत्या. लहानूने पडदा सुरू केला आणि त्याची मान ताठ झाली. मला पाठमोरा तोच दिसत होता, पडदा त्याच्याआड. त्याने डोळे चोळले. पुन्हा चोळले. मानेवरून घाम ओघळला.

खाली यार्डात कंटेनरची कुलपं तपासणारा गिरिधर वॉकीटॉकीवर ओरडला, "लहानूभाऊ, उचल ना गा! का मुहूर्त पाहून राहिला?"

लहानूने दांडी ओढली. कंटेनर जमिनीवरून सुटला, हलू लागला. लहानूचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याचा हात एकदम लाल बटणावर पडला. भोंगा वाजला. कंटेनर अधांतरी थांबला.

"मॅडम, मले दिसून नाही राहिलं," त्याचा आवाज फाटला. "सारं लाल झालं. खाली काही हाललं, मानूस का सावली समजत नाही. माह्ये डोळे गेले. करा मले नापास."

मॅडम उठल्या, पडद्यावर वाकल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "दादा, मलाही नाही दिसत."

तेवढ्यात गिरिधरचा आवाज आला. "काहून थांबवलं गा? हार खाली पडला होता. देवाचा हार चाकाखाली येईन म्हनून उचलाले आलो."

यंत्र चालू असताना माणसाने ओलांडायची नसते त्या पिवळ्या रेषेच्या आत होता तो, कंटेनरच्या खाली.

मॅडमनी गिरिधरला रेषेबाहेर बोलावलं. कॅमेऱ्यांच्या काचांवरचं हळदीकुंकू पुसल्यावर परीक्षा पुन्हा घेऊ म्हणाल्या, पण लहानू खुर्चीवरून उठला होता. डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता त्याने स्वतःच मागितला. मोतीबिंदू खरंच होता. ऑपरेशन झालं आणि दिवाळीनंतर तो पास झाला.

आता त्याला सगळं स्वच्छ दिसतं. तरी कंटेनर उचलण्याआधी तो वॉकीटॉकी तोंडाशी धरतो. "गिरिधर, कुठी हायेस गा? बोलत राह्य." आणि कंटेनर खाली टेकेपर्यंत गिरिधर रेषेबाहेरून सांगत राहतो, सकाळी काय जेवला, भाजीत तिखट किती होतं.