पंगतीतला शेवटचा घास

आमच्या भागातल्या पंगतीत शेवटचा माणूस जेवून हात आवरेपर्यंत कोणी उठत नाही. आणि पानात काही टाकायचं नाही. लहानपणापासून बघत आलेली रीत, तिच्यात काही अवघड आहे असं साठी उलटेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. मग माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, आणि ह्याच दोन गोष्टींपायी मी देवळात जायची बंद झाले. देव आहे की नाही असला मोठा संशय माझ्यासारखीला कुठून येणार? मला एवढंच वाटायला लागलं, की देव असेल, पण त्याच्या घरात आता मला बसायला जागा नाही.

पहिल्यापासून सांगते. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे आमचं गाव. मालक गेल्याला आठ वर्षं झाली. मुलगा आणि सून बदलापूरला, दोघंही नोकरीला. घरात मी एकटी. मी आधीही काही बारीक नव्हते, पण मालक गेल्यावर वजन वाढतच गेलं. त्याचं कारण आजवर कोणाला सांगितलं नाही, इथे सांगते. त्यांच्या वाटचा भात रांधायची सवय हाताला होती, ती जाईना. तांदूळ दोघांचाच पडायचा. मग तो उरलेला भात टाकवायचा नाही. आधी माझा खायचे, मग त्यांचा खायचे. लोकांना वाटायचं, हिला खायची हौस आहे.

एकशे दहा किलोच्या वर गेले. एसटीत मी बसले की शेजारचा माणूस अर्धा बाहेर लोंबायचा. पंगतीत मी बसले की माझा चुलत दीर वाढप्यांना ओरडून सांगायचा, "वयनी बसल्यात रे, टोप हिकडंच आना!" सगळे हसायचे. सगळ्यांच्या आधी मी हसायचे. आपण आधी हसलं की मग दुसऱ्यांचं हसू तेवढं लागत नाही, हे मी फार वर्षांपूर्वी शिकले होते.

पुढे गुडघे गेले. साखर वाढली. विहिरीपर्यंत चालायचं तर तीन ठिकाणी टेकायचे. गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. मुलाने ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की दुर्बिणीतून पोटाची पिशवी छोटी करायची, केळ्याएवढी ठेवायची. मी मनात म्हटलं, अरे देवा, केळ्यात काय मावणार? पण हो म्हटलं. ऑपरेशनला आत नेताना वरचे दिवे बघत मी माझ्या माहेरच्या गावदेवीला एवढंच बोलले, "आई, मला हलकं कर."

तिने केलं. खोटं कशाला बोलू? पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, औषधाच्या टोपणाने मोजून घोट घोट. मग पेज, मग वरण, मग चार चमचे मऊ भात. एक एक घास पाणी होईस्तोवर चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, पोटाने बस म्हटलं की थांबायचं. साखर उतरली, गुडघे बोलायचे थांबले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. केस मात्र झडले आणि दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली.

पण त्यानंतर आलं ते एकटेपण मला कोणी चित्र काढून दाखवलं नव्हतं. आमच्याकडे वाटेत भेटलेला माणूस "जेवल्या का?" म्हणूनच बोलायला लागतो. मला ते कोणी विचारेनासं झालं. विचारावं की नाही, हे त्यांनाच कळत नसावं. त्याऐवजी हळू आवाजात, "काकी, मोठ्या डॉक्टरला दाखवलाव ना?" मी सांगायचे, अगं आजार नाही, मुद्दाम केलंय. त्यांना ते पटायचं नाही. मुद्दाम कोणी पोट कापून घेतं का? सून फोनवर विचारायची, "आई, पावडर घेतली का?" डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडर. काळजीनेच विचारायची बिचारी. पण "पावडर घेतली का" म्हणजे "जेवलात का" नव्हे. आणि दुपार किती मोठी असते ते मला तेव्हा कळलं. चार चमच्यांचं रांधून होतं किती, आणि त्याच्यापुढे करायचं काय?

सहा महिन्यांनी गावचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी महाप्रसाद. मी बसले. धाकटी जाऊ सुमन वाढायला होती, मी हात आडवा केला तर म्हणाली, "परसादाला नाय म्हंतात का गो?" आणि भाताची मूद, वरण, वालाची भाजी, दोन पुऱ्या, बुंदी, सगळं पडलं. मी माझ्या पद्धतीने सावकाश चावत बसले. तिसरा घास चालू होता तोवर पंगत जेवून झाली. सगळे सुकल्या हातांनी माझ्याकडे बघत बसले. मागे दुसरी पंगत उभी. तेवढ्यात दीर म्हणाला, "वयनी, आदी पन तुमच्यासाठीच थांबायचो, आता पन तुमच्यासाठीच!"

हसू उठलं. ह्या वेळी मला आधी हसायला जमलं नाही.

आणि मी चूक केली. पानात टाकायचं नाही, लोकांना ताटकळवायचं नाही, म्हणून मी तो भात, त्या पुऱ्या भराभर कोंबल्या. न चावता. पाचव्या घासाला छातीत दगड अडकल्यासारखं झालं. तोंडाला फेस आला. मी उठले, पण देवळाच्या ओट्याच्या बाहेर काही पोचले नाही. सगळ्यांच्या देखत तिथेच उलटी झाली. सुमनने पाठ चोळली, पाणी टाकून ओटा धुतला. पण मागून एका बाईचं बोलणं कानावर आलंच. "देवानं परसाद ठेवला नाय गो पोटात." ती तिच्या परीने हळूच बोलली होती.

डॉक्टर नंतर रागावले, ते वेगळं. मी मात्र देवळात जायची बंद झाले. घरी दार लोटून जेवायचे. देवापुढे दिवा लावायचे, पण बोलायचे नाही. एकदाच बोलले, "हलकं केलंस, पण एकटंही केलंस." त्यानंतर आमचं बोलणं बंद.

चैत्रात माझ्या माहेरच्या गावदेवीचा उत्सव असतो. माहेर शहापूरकडचं. आईवडील, भाऊ, कोणी उरलेलं नाही, घराला कुलूप. तरी मी जायचं ठरवलं. खरं सांगायचं तर देवीचा निरोप घ्यायला. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूरची एसटी. खिडकीशी बसले, शेजारी एक बाई येऊन नीट टेकून बसली. तिने ना सुस्कारा टाकला, ना पिशवी आपटली. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी किती वर्षं झुरले होते! आणि आता ती मिळाली तर सांगायला कोणी नव्हतं.

देवळाच्या वाटेवर माझी बालमैत्रीण समोरून आली, जिच्याबरोबर मी करवंदं वेचली ती. माझ्याकडे बघून सरळ पुढे गेली. मला ओळखलंच नाही. कोणी ओळखू नये असंच मनात धरून आले होते, तरी मनाला लागलं. ती वळणाआड जाईपर्यंत मी वाटेतच उभी राहिले.

देवीपुढे उभी राहिले. म्हटलं, "आई, आता तुझ्या पंगतीला मी येणार नाही. दुरून दर्शन घेत जाईन. तेवढं चालवून घे." ओटी ठेवली आणि वळले, तर दाराशी एका वाढप्याने अडवलं. "आजी, जेवल्याबिगर नाय जायचं. चला, एक जागा हाये." मी नको नको म्हणतेय तोवर त्याने मला रांगेच्या टोकाला बसवलंसुद्धा.

माझ्या शेजारी एक म्हातारी होती. डोंगराकडच्या पाड्यावरची असावी. गुडघ्यापर्यंत नेसलेलं जुनं लुगडं, गळ्यात मण्यांची माळ, तोंडात एकही दात नाही. वाढपी आला तर माझ्या आधी तीच त्याला म्हणाली, "हिला वाईच वाढ. बोटभर." मी चमकले. मी तर काहीच बोलले नव्हते. मग वाटलं, चेहऱ्यावर दिसलं असेल.

मी चावायला लागले. ती भात वरणात कालवत बसली. इतका कालवला, इतका कालवला, की पेज झाली. मग चिमूटभर तोंडात, आणि हिरड्यांनी घोळवत बसायची. पंगतीचं होत आलं. माझा हात आपोआप भराभर चालायला लागला. तिने तिचा सुकलेला डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"सावकास जेव गो बाय. घाई कोनाला हाये?"

वाढपी आलाच. "आजे, आवरा. दुसरी पंगत उभी हाये."

"उबी हाये तं बसव तिला खाली. मी काय तुज्या डोक्यावर बसलंय?"

सगळी पंगत हसली. पण ह्या हसण्यात मीही होते, आणि माझ्यावर कोणी हसत नव्हतं. तो बिचारा डोकं खाजवत गेला. माझ्या पानात चार शितं राहिली, तिच्या पानात एकच घास. तो तिने उचलला आणि हातातच धरून ठेवला. तोंडात घालेना. माझ्याकडे बघत राहिली. मी माझा शेवटचा घास चावून चावून गिळला, तेव्हा कुठे तिने तो तोंडात टाकला. मग पंगत उठली. शेवटची ती होती, मी नव्हते. माझं पान स्वच्छ होतं, आणि पोट शांत.

तिच्या हातावर घालायला पाणी आणते म्हणून मी पिंपाकडे गेले. तांब्या भरून परत येते तर ती नाही. रस्त्यापर्यंत बघून आले. वाढप्याला विचारलं, तर म्हणाला, "पाड्यावरच्या लय बाया येतात आजी, कोन म्हनून सांगू?" तिचं नाव मी विचारलं नव्हतं. ती कोण होती, मला माहीत नाही. दात नसलेली म्हातारी होती, सावकाश जेवत होती, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. तांब्यातलं पाणी मी देवीच्या पायरीवर ओतलं आणि आत जाऊन पुन्हा बोलायला लागले. किती दिवसांचं साठलं होतं.

परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होते. जन्मभर मी देवाला काही ना काही देत आले, उपास, ओटी, सप्ताहाची भाजी चिरणं. माझ्यासाठी कोणी थांबावं, हे मात्र मला कधी मागता आलं नाही. लाज वाटायची. आधी जास्त खाते म्हणून, मग कमी खाते म्हणून. स्वतःला देवावर सोपवणं म्हणजे फार मोठं काही असेल असं वाटायचं. मला ते बोटभर भातात सापडलं.

पुढच्या सप्ताहाला मी आपण होऊन गेले. सुमनला म्हटलं, "बोटभर वाढ. आणि मला वेळ लागतो. थांबणार असाल तर बसते." दीर समोरच होता. त्याने पाण्याचा पेला उचलला, परत खाली ठेवला. मग म्हणाला, "बसा वयनी. थांबू की, जातोय कुठं?" त्या दिवशी तो माझ्याकडे न बघता पाण्याच्या पेल्याशी उगाच खेळत बसला होता, तेवढ्यासाठी त्याला सगळं माफ.

घरी अजून मी एकटीच जेवते. दुपार अजून मोठीच आहे. पण तांदूळ आता एकीचाच पडतो.

परवाच्या हनुमान जयंतीला माझ्या समोर गावातली एक नवी सून बसली होती. तिच्या पानात सासरच्यांनी ढीग वाढलेला, आणि पंगत संपत आलेली. मान खाली, घास भराभर चाललेले. मी माझा शेवटचा घास उचलला आणि हातातच धरून ठेवला. तिने एकदा वर बघितलं. मी तिला मानेनेच सांगितलं, सावकाश. तिचं पान रिकामं व्हायला बराच वेळ लागला, पंगत थांबली. मग मी माझा घास खाल्ला. गार झाला होता, पण फार गोड लागला.