नऊ फुटी लेथ आणि झांजवाला

१९८५च्या जुलैमधला मंगळवार. सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी अय्युब उंडरे पावणे गावातल्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या नऊ फुटी लेथला तेल घालत होता. तेलाची भोकं नऊ, प्रत्येकात तीन थेंब. लेथ महिन्यातून जेमतेम दोनदा चालायचा. तेल मात्र रोज. त्याच दिवशी अकरा वाजता कुर्ल्याचा भंगारवाला लेथ न्यायला येणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

झाडू मारणारी गोजरा पावणे गावचीच. ती म्हणाली, "म्हाताऱ्याला न्हाऊ घालून पाठवतंस काय रं?"

अय्युबनं पुढच्या भोकात तेल सोडलं. तो म्हसळ्याचा, वय तिशीच्या घरात, राहायला बोनकोड्याला. लेथ चालवणारा तो एकटाच. मालक अरविंद केळुसकर यांना मोटारीचे सुटे भाग करणारं नवं मशीन बसवायचं होतं आणि जागा नव्हती. मच्छीमार होड्यांचा पंखा फिरवणारे लांब शाफ्ट या एकाच लेथवर चढायचे. पण ते काम कितीसं, हा शेठचा प्रश्न होता.

नऊला शेठ आले. अय्युबनं चहाचा ग्लास त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जर्मनीची गोष्ट काढली.

आयटीआयनंतर तो याच लेथवर लागला आणि मग शिष्यवृत्तीवर आठ महिने जर्मनीत शिकायला गेला होता. १९७८ साल. एका रविवारी विद्यार्थ्याचं ओळखपत्र दाखवून तो अर्ध्या तिकिटात तिथल्या गावातलं यंत्रांचं संग्रहालय बघायला गेला. वाफेची इंजिनं, छापखाने, मोठाली घड्याळं बघत दुसऱ्या मजल्यावर पोहोचला आणि थबकला. लाल दोरीच्या आत अगदी असाच लेथ उभा होता. त्याच कारखान्याचा, तोच हिरवा रंग. दोरीखालून वाकून त्यानं सवयीनं भोकांत बोट घातलं. नऊच्या नऊ कोरडी. राखणदार धावत आला. अय्युबला जर्मन येत होतं ते कारखान्यापुरतं. त्यानं तेवढ्यात तेल मागितलं. राखणदारानं आधी त्याचे तळहात पाहिले, मग कुणी येत नाही ना म्हणून जिन्याकडे पाहिलं आणि आपल्या खोलीतून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली. तोही निवृत्त टर्नर, लेथवरचाच माणूस होता. दोघांनी मिळून नऊ भोकं भरली.

शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "म्हणजे जर्मनांनी सात वर्षांपूर्वीच हा म्युझियममध्ये टाकला. मी उगाच थांबलो."

मिलिंग मशीनवरचा सुधीर मोठ्यानं हसला. इतक्या वर्षांत ही गोष्ट अय्युबनं सगळ्यांना सांगितली होती. ती अशी उलटेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. साडेनऊ झाले होते.

गोष्टीचा दुसरा भाग त्यानं कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण त्यात मशीन नव्हतं. पण शेठ वाशीतली गाण्याची एकही बैठक चुकवत नसत. म्हणून त्यानं तोही सांगितला. राखणदाराची बायको सर्दीनं झोपली होती. तिचं संध्याकाळच्या मैफलीचं तिकीट त्यानं अय्युबला दिलं. साठ-सत्तर वाजवणारे, सगळे काळ्या कपड्यांत. संगीत त्याला फारसं कळलं नाही. कळला तो एक माणूस. सगळ्यात मागे झांजा मांडीवर घेऊन बसलेला. अय्युब घड्याळात पाहत राहिला. अडतिसाव्या मिनिटाला तो माणूस उठला, झांजा एकदा वाजवल्या, थोड्या वेळानं पुन्हा एकदा, आणि खाली बसला.

"बस्स? दोनदा?" शेठनी विचारलं.

"दोनदाच."

"आपल्या बैठकीत असता तर बुवांनी त्याला चहा आणायला धाडलं असतं."

"तिथं नाय धाडला, शेठ. शेवटी त्याला वेगळं उभं करून टाळ्या दिल्या. अडतीस मिनिटं तो रिकामा नव्हता, आपली वेळ मोजत होता. नारळी पुनवेला होड्या पाण्यात जातात. त्याच्या आधी करंजा बंदरापासून म्हसळ्यापर्यंत ज्याचा शाफ्ट वाकडा, तो आपल्याकडे येतो. आपल्याकडे लेथ नसला तर त्याची होडी किनाऱ्यावर राहील."

शेठनी चहाचा ग्लास रिकामा केला. मग त्यांनी खणातून मोजायची टेप काढली. लेथ भिंतीला लावला तरी नव्या मशीनला दोन फूट कमी पडत होते. शेठनी टेबलाकडे पाहिलं, टेबलामागच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं आणि सुधीरला विचारलं, की पोटमाळ्यावर टेबल-खुर्ची मावेल का. सुधीरचं हसू मावळलं, कारण पोटमाळा त्याची दुपारी डुलकी घ्यायची जागा होती.

अकराला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. लेथ मिळणार नाही म्हटल्यावर कुरकुरला; मग कपाट घेऊन गेला. त्यातल्या फायली गोजरानं पोटमाळ्यावर चढवल्या. तिनं लेथवर थाप मारली आणि ती म्हणाली, "न्हायला म्हनून वाचला."

दुपारी करंज्याहून एक वाकडा शाफ्ट आला, सव्वासात फुटांचा. तो उद्या, बुधवारी, सकाळी आठला लेथवर चढेल. त्याआधी सात पन्नासला नऊ भोकांत तेल, प्रत्येकी तीन थेंब.