बाइंडिंग वायरनं बांधलेला नारळ

आईच्या मांडीवर वाढलो, असं लोक लिहितात. माझ्या आईच्या मांडीवर सूप असायचं. सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, हातात कात्री. सिन्नरला आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच दृश्य. वडील मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायचे. हंगाम संपला की यार्ड ओस पडायचं आणि घर आईच्या बिड्यांवर चालायचं. तंबाखूच्या खकाण्यानं आम्ही सगळी भावंडं खोकायचो. पाहुणे म्हणायचे, पोरांना डॉक्टरला दाखवा. आई म्हणायची, हंगाम येऊ द्या.

संध्याकाळी ती बिड्या द्यायला कारखान्यात जायची, मी सोबत. तिथला तपासनीस बंडलांतून मूठभर बिड्या उचलायचा आणि नीट न बघता बाजूला टाकायचा. छाट. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, आणि बिडीही परत मिळत नाही. एकदा मी बोललो, "काका, ही तर चांगली आहे की." तो म्हणाला, "एवढं कळतंय तर साहेब हो."

परत येताना आई म्हणाली, "हो मग. सांगितलंय ना त्यानं."

झालो. मेकॅनिकल इंजिनियर झालो. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल नम्र असावं. त्यांना ते परवडतं.

नोकरीसाठी सौदीला गेलो तेव्हा लग्न झालं होतं, मुलगी रांगत होती. पूर्वेकडे, कतीफ शहराच्या पुढे, बसनं जायच्या अंतरावर आमचा पेट्रोकेमिकलचा कारखाना. तिथं एक गंमत होती. बायको-मुलं असलेला माणूसही कागदोपत्री बॅचलर. मला ‘बॅचलर कॅम्प’मध्ये खोली मिळाली. कुटुंब आणायचं तर कंपनीनं फॅमिली स्टेटस द्यायला हवं, आणि ते एका ठरावीक ग्रेडच्या वरच मिळायचं. मी त्या ग्रेडच्या बरोबर एक पायरी खाली. फोनवर बायको दर वेळी विचारायची, "अहो, येतंय का ते तुमचं स्टेटस, की मी इथं बीएड करून घेऊ?"

मी म्हणायचो, "फॉर्म तर आण."

"फॉर्म आणलाय. भरू का, ते विचारतेय."

दोन हजार एकचा तो सप्टेंबर आला तेव्हा हे असं चाललं होतं.

आमच्याकडे दुपार टळली होती. शिफ्ट बदलताना कँटीनमध्ये चहाला गेलो तर टीव्हीसमोर सगळे उभे. एक उंच इमारत जळत होती. मला वाटलं, कुठला तरी सिनेमा. मग दुसरं विमान आलं. कुणीतरी हातातला ट्रे खाली ठेवला, त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तेवढाच एक आवाज झाला. आमचा अमेरिकन सेफ्टीवाला टेबलाला धरून उभा होता. त्याची बहीण त्याच शहरात राहायची. फिलिपिनो आचाऱ्यानं त्याला खुर्ची दिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. बहीण सुखरूप असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. तरी महिना सरायच्या आत तो गेला. टेबलावर कॉफीचा मोठा मग तसाच ठेवून गेला.

सिन्नरहून आईचा फोन. गल्लीतल्या दुकानातला फोन, दुकानदार कान देऊन ऐकत असणार. "विमानं पाडणारे तुझ्या तिकडचे होते म्हणतात. तू त्यांच्यात ऊठबस करू नको."

"आई, मी मशिनींत ऊठबस करतो."

"मशिनीशी तरी नीट वाग."

ते विमानवाले बरेचसे त्या देशाचे निघाले, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. कारखान्यात त्यावर कोणी बोलत नव्हतं, पण गेट बोलू लागलं. रस्त्यावर सिमेंटचे ठोकळे नागमोडी मांडले. बसच्या खाली आरसा फिरवायचे. आमचे जेवणाचे डबे उघडायला लावायचे. एका रक्षकाला माझ्या डब्यातला ठेचा इतका संशयास्पद वाटला की त्यानं बोट लावून चाखला. त्यानंतर माझा डबा उघडायला त्यानं कधी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या युनिटमध्ये नवा कॉम्प्रेसर बसवला होता. वायू दाबून पुढे ढकलणारं ट्रकएवढं धूड, सारा कारखाना त्याच्यावर चालणार होता. तो पहिल्यांदा चालू करायला बनवणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ अमेरिकेहून येणार होता. तो आला नाही. आमच्या बाजूला यायला त्यांच्याकडचं कोणीच तयार नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या हाताखाली एक सौदी तरुण आला. कतीफचा, खजुराच्या बागा आणि मासेमारीच्या होड्या असलेल्या घरातला. तोही त्याच्या घरातला पहिला पदवीधर. पुढच्या शिक्षणासाठी तो अमेरिकेला जायचा होता, पण सप्टेंबरनंतर त्याचा व्हिसा अडकला तो अडकलाच. तेव्हा सौदीकरणाचा जोर होता. परदेशी माणसाच्या जागी स्थानिक माणूस तयार करा, असा हुकूम. कँटीनमधले आपले लोक म्हणाले, "झालं. तुझी खुर्ची गेली. शिकव आता, आणि स्वतःचं तिकीट काढ."

मी शिकवलं. तो मला ‘या मुहंदिस’ म्हणायचा, म्हणजे ‘अहो इंजिनियर’. पहिल्या दिवशी त्यानं स्वच्छ विचारलं, "मी शिकलो तर तू जाशील?"

"तू शिकला नाहीस तरी जाईन. मग निदान शिकून तरी घे."

तो हसला. तिथून आमचं जमलं.

आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, हा मोजकं बोलणारा माणूस. त्यानं मला बोलावून सांगितलं, "कॉम्प्रेसर तुम्ही दोघं चालू करा. चालला तर तुला वरची ग्रेड आणि फॅमिली स्टेटस. नाही चालला तर तज्ज्ञ येईपर्यंत थांबू, पण तुझा करार मी वाढवू शकणार नाही. खलास."

त्या दिवशी बायकोला म्हणालो, "बीएडचा फॉर्म भरू नकोस अजून."

ती म्हणाली, "शेवटची तारीख जवळ आलीय हो."

"माझीपण."

आम्ही तयारी केली. मशीनचं पुस्तक मी इंग्रजीतून वाचायचो, तो अरबीत समजून घ्यायचा आणि कागदावर चित्र काढून मलाच परत समजावायचा. माझा मुख्य फिटर श्रीवर्धनचा कोकणी मुसलमान, वयानं मोठा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं शाफ्टची ओळ अशी जुळवली की मापकाच्या सुईलाही नाव ठेवायला जागा नव्हती. सगळं झालं. सकाळी मशीन चालू करायचं ठरलं.

त्या सकाळी बस गेटवरच अडवली. युनिट रिकामं केलेलं, सगळे बाहेर मैदानात उन्हात उभे. कॉम्प्रेसरच्या खाली संशयास्पद वस्तू सापडली होती. सुरक्षा अधिकारी मुदीरला वर्णन सांगत होता आणि माझा विद्यार्थी आमच्यासाठी भाषांतर करत होता. "गोल आहे. कापडात गुंडाळलेली. बाहेर तार आलीय. आणि," तो जरा अडखळला, "वस्तूला केस आहेत."

माझ्या शेजारी उभा असलेला चाचा हळूच खाली बसला.

"काय झालं, चाचा?"

"केस हायत म्हनतो ना तो?"

"मग?"

"शेंडी ठेवल्याबिगर नारळ देत नाय ना आपण."

"तुम्ही? नारळ?"

"आरं, नवी होडी खाऱ्या पाण्यात घालायची तर दर्याला नारळ द्यावा लागतो. आमचा बाप द्यायचा, त्याचा बाप द्यायचा. दर्या काय जात इचारतो? हे धूड तर होडीपेक्षा मोठं."

"अहो, पण तार कशाला?"

"दोरा सुटतो. बाइंडिंग वायर घट्ट बसते." फिटर माणूस. त्याला दुसरं काय सुचणार? दोन वेढे आणि पकडीनं पीळ, जसा पाइपला देतात तसा.

आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. अधिकाऱ्यानं बाँबवाल्या पथकाला बोलावलं होतं. ते येऊन ती वस्तू जागेवरच उडवणार. तिच्या शेजारीच बेअरिंगच्या सगळ्या नाजूक नळ्या आणि तारा. म्हणजे मशीन काही महिन्यांसाठी बंद, माझा करार संपणार, बायको बीएड करणार. आणि बोलावं तर परक्या देशात, त्या दिवसांत, यंत्राखाली तार बांधून वस्तू ठेवल्याची कबुली. शिवाय पूजाअर्चा केली म्हणून चाचाला पहिल्या विमानानं घरी धाडायचे.

चाचा म्हणाला, "माझं नाव सांग. मी म्हातारा झालो, मला परत जायचंच हाय."

मी म्हणालो, "टीम माझी आहे. नारळही माझाच." आणि निघालो.

माझ्या विद्यार्थ्यानं बाही धरली. "या मुहंदिस, काय आहे ते आधी मला सांग."

मी सांगितलं. तो मग म्हणाला, "आमच्याकडे नवी होडी उतरवताना बोकड कापतात. आजोबा अजून कापतात." आणि मग, "तू बोलू नकोस. तू बोललास तर पूजा होईल. मी बोललो तर खाणं होईल."

तो गेला. अरबी इतक्या वेगानं बोलला की मला फक्त ‘जोज हिंद’ कळलं. अरबीत नारळाला हिंदचा अक्रोड म्हणतात. मग त्यानं माझ्याकडे, चाचाकडे आणि मागे उभ्या असलेल्या, अवजड सामान उचलणाऱ्या तेलुगू रिगरांकडे बोट दाखवलं. कामाच्या पहिल्या दिवशी हे लोक नारळ वाटून खातात, तो गार राहावा म्हणून सावलीत ठेवला होता, असं काहीसं त्यानं सांगितलं असावं. एका अर्थी खोटं नव्हतं. खोबरं आम्ही वाटलंच असतं.

अधिकारी म्हणाला, "नारळ आहे? मग तूच आण."

तो निघाला. मी त्याच्यासोबत गेलो. तो म्हणाला, "तू कशाला?" मी म्हणालो, "माझा आहे ना." खरं तर मला भीती वाटत होती. नारळाची नाही, चाचानं आणखी काय काय ठेवलं असेल याची.

नारळच होता. जुन्या लुंगीचा तुकडा, वर शेंडी आणि खरंच फार सुंदर पीळ दिलेली तार. आम्ही तो मैदानात आणला. अधिकाऱ्यानं लांबूनच बघितला, मग जवळून, मग वास घेतला. शेवटी म्हणाला, "आत काय आहे ते बघायचंय. फोडा."

कोणी पुढे येईना. तेव्हा त्यानंच नारळ उचलला आणि गेटवरच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर आपटला.

पाणी त्याच्या चकचकीत बुटांवर सांडलं. चाचाच्या तोंडून "बिस्मिल्ला" निघून गेलं. मागच्या रिगरांतून कोणीतरी हळूच हात जोडले, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. अधिकारी दोन्ही भकलांत डोकावला, एक तुकडा तोडून चावला आणि मान हलवली. मग खोबरं सगळ्यांना वाटलं. मुदीरनंही घेतलं. त्यानं चावत चावत मला विचारलं, "इंजिनियर, तिकडे बॉयलरखालीपण काही आहे का? आत्ताच सांग."

मी चाचाकडे बघितलं. चाचानं मान हलवली. "नाही, साहेब," मी म्हणालो. अहवालात ‘खाद्यपदार्थ, चुकीच्या जागी’ एवढंच गेलं.

बाँबवाल्यांना परत पाठवलं आणि दुपारी आम्ही मशीनला हात घातला. तो पॅनलवर, मी खाली मशीनपाशी, कानाला हेडफोन. वेग वाढवत नेताना मध्ये एक टप्पा येतो, तिथं शाफ्ट थरथरतो. तिथं रेंगाळायचं नसतं. घाबरून वेग कमी केला की घात होतो. पुस्तकात ते लिहिलेलं असतं, पण पायाखालची जमीन हादरायला लागली की पुस्तक आठवत नाही. माझ्या कानात त्याचा आवाज आला, "या मुहंदिस, थरथरीचा आकडा चढतोय. थांबवू?"

"नाही. वाढव."

"चढतोय."

"वाढव. यल्ला!"

त्यानं वाढवला. थरथरीची कमाल झाली, आणि मग एकदम गेली. मी बेअरिंगच्या कवचावर तळहात ठेवला. नुसतं उबदार गुणगुणणं. वर पॅनलवर तो ओरडला, अरबीत, आणि मग माझ्या समाधानासाठी हिंदीत, "हो गया! हो गया!" चाचानं पान्हा पुसून खिशात ठेवला आणि चहाला गेला.

खुर्ची पुढे त्या तरुणाला मिळाली, मला शेजारच्या युनिटमध्ये घेतलं. लोक म्हणाले, बघ, सांगितलं होतं. सांगितलं होतंच. पण ती खुर्ची चांगल्या माणसाकडे गेली आणि त्याला शिकवलं मी. सिन्नरच्या एका बिडीवाल्या बाईच्या मुलानं. मला यात रडण्यासारखं काही दिसलं नाही.

तज्ज्ञाशिवाय आम्ही तो कॉम्प्रेसर चालू केला. मला ग्रेड मिळाली, फॅमिली स्टेटस मिळालं. बायको आणि मुलगी आल्या, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही तिघं एका घरात राहिलो.