तोंडात पाणी, हातात पेन

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता वर्ष गेलं. आज सांगूनच टाकते. हसा हवं तर. शेवटपर्यंत हसाल असं मात्र वाटत नाही.

आमच्या करडी गावात तलावाच्या पाळीवर सकाळी भरतीची पोरं पळतात. माझा दादा आणि त्याचा मित्र विजूदादा मिलिटरीसाठी, शेजारची सोनालीताई पोलीस भरतीसाठी. मी दूध घेऊन त्याच वाटेनं येते.

दादाच्या मोबाइलवर सारखे लढाईचे सिनेमे. सगळे मी त्याच्या खांद्यावरून पाहिलेत. दोन मित्र, चिखलातलं ट्रेनिंग, खेकसणारा उस्ताद आणि दोघांनाही आवडणारी एकच मुलगी. मित्र बोलेनासे होतात. मग लढाई लागते, आणि मुलीला जो नको असतो तो मुद्दाम गोळीसमोर जातो. तिरंग्यात गुंडाळून घरी येतो.

तर एका सकाळी काय पाहते? दादा आणि विजूदादा शेजारी शेजारी पळताहेत, पण एक शब्द नाही! गाल रागानं फुगलेले. मी हाक मारली, तर दादानं नुसतं बघितलं. मोहाच्या झाडाखाली सोनालीताई घड्याळ घेऊन उभी. तिनं दादाला एक बोट दाखवलं, विजूदादाला दोन. पहिला नंबर, दुसरा नंबर! दुसऱ्या दिवशी उलट. म्हणजे हिचं अजून ठरतच नव्हतं!

विचारायचं ना कुणाला? पण माझं तोंड उघडेल तर शपथ. आणि आमचा दादा लहानपणापासून हरण्यात पटाईत. जेवताना मला त्याच्याकडे बघवेना.

बोलायला धीर होत नाही, पण लिहिता येतं. सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'सोनालीताई, दादा आणि विजूदादा दोघंही तुझ्यावर जीव टाकतात. एकाला लवकर निवड, नाहीतर दुसरा सीमेवर जीव देईल. तुझी शुभचिंतक.' समासही सोडला होता! चिठ्ठी तिच्या पिशवीत सरकवली.

ती सापडली तिच्या बाबांना.

दुसऱ्या सकाळी मोहाखाली कुणीच नाही. दादा थांबला आणि पचकन पाणी थुंकला. पाणी!

"सोनाली काहून नाई आली बे?"

विजूदादानंही चूळ टाकली. "तिच्या बापानं पळनंच बंद केलं. कोनं तरी चिठ्ठी टाकली म्हंते."

"तुमच्या तोंडात पानी कायले?" मी न राहवून विचारलं.

"नाकानं दम घ्याची सवय लागाले," दादा म्हणाला.

"आन् ते बोटं?"

"फेऱ्या! कोनाच्या किती रायल्या ते दाखवते. तू काहून पांढरी पडली व?"

नऊ दिवस मी सोनालीताईच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. दहाव्या दिवशी आत गेले आणि चिठ्ठी माझीच असल्याचं कबूल केलं. तिच्या बाबांनी चिठ्ठी समोर धरली.

"हे तू लिवलं? कायले?"

"सिनेमात असंच असते, काका."

ते हसले नाहीत. चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "उद्यापासून तू तिच्यासंग पळशील. एकटी नाई पाठवत मी तिले आता."

भरतीत आठशे मीटरला सोनालीताई दोन सेकंदांनी हुकली. दहा दिवस घरी बसली नसती तर? हे तिनं मला कधी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भरतीच्या दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी दारात आली आणि एवढंच म्हणाली, "चाल."

अजूनही मी रोज तिच्यासोबत पळते. म्हणजे पडत नाही, एवढंच. माझ्याही तोंडात पाणी असतं. परवा विजूदादा ओरडला, "हिच्या तोंडात पानी कायले भरता? हे तशीई बोलत नाई. हिचा पेन घ्या!"

सगळे हसले. सोनालीताई हसली नाही.

पेन अजून कुणी घेतलेला नाही. बघा, लिहितेच आहे.