दुहेरी कानाची पेनी

"आत्या, आई इज गॉन..." भाचीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. सुधावहिनीला जाऊन आता महिना होईल, पण कणकेत हात घातला की अजून थबकते.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत श्रूजबरीला दादा-वहिनीकडे शिकायला आले. दादा डॉक्टर, दिवसभर हॉस्पिटलात. वहिनी बँकेतून पेन्यांच्या, म्हणजे एका सेंटच्या नाण्यांच्या, सुरळ्या आणायची, स्टीलच्या ताटात ओतायची आणि तांदूळ निवडावेत तशा निवडायची. ब्याऐंशीचं साल बारीक आकड्यांत आहे की मोठ्या, हे तिला भिंगाशिवाय कळायचं. "एवढं काय असतं गं त्यात?" मी चिडवायचे. "जुळ्या बहिणी ओळखतेस ना? तसंच," ती मान वर न करता म्हणायची.

एका दुपारी तिला चौऱ्याऐंशीची एक पेनी सापडली. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या कानाखाली आणखी एक पाळी, टांकसाळीच्या ठशातच उमटलेली; असं नाणं दुर्मिळ! लायब्ररीत नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. तिथे साडीतल्या या बाईला कोणी फारसं विचारत नसे. ही पेनी घेऊन ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलणार होती. मला वाटलं, नाणं जरा लखलखीत दिसू दे. तांब्याच्या कळशीला लावतात तशी चिंच लावून मी ते चकचकीत केलं... घासलेलं नाणं जमवणाऱ्यांच्या लेखी वाया गेलेलं असतं, हे मला कुठे ठाऊक! वहिनीने पाहिलं. मग सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."

अध्यक्षांनी भिंग लावलं. "कान खरंच दुहेरी आहे. पण हे घासलं कोणी?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "आय डिड. विथ टॅमरिंड." हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली, आणि नाणं पाडताना मशीन हलल्याने पडणारी खोटी सावली व ठशातली खरी पाळी यांतला फरक असा सांगितला की अध्यक्षांनी भिंग पुन्हा उचललं. पुढे वर्षानुवर्षं तीच माणसं शंका आली की तिच्यापुढे नाणं सरकवायची. मला काय अभिमान वाटायचा!

त्या दिवशी परतताना गाडीत मी रडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "तुला हसले असते तर तू परत मंडळात आली नसतीस."

परवा शोकसभेत मंडळातले एक आजोबा बोलले. "शी हॅड द बेस्ट आय. एकदाच चुकली, ती चिंच लावून." सगळे प्रेमाने हसले. मी उठून उभी राहिले आणि इतकी वर्षं गिळलेलं सांगून टाकलं. चिंच मी लावली होती. सुधावहिनीच्या हातून एकही नाणं कधी बिघडलं नाही.