मतीनचा शुक्रवारचा काटा

शुक्रवार, दिनांक २४ जानेवारी २०२५ रोजी तेलगावच्या मतीनच्या खात्यावर आठ हजार नऊशे बारा रुपये जमा झाले. यूट्यूबकडून आलेली ही त्याची पहिली कमाई. गाण्याच्या नादातून घरात आलेला हा पहिला पैसा होता, पण तो गाऊन मिळाला नव्हता, दुसऱ्यांच्या गाण्यांवर बोलून मिळाला होता. ही गोष्ट मतीनच्या लक्षात आली आणि संदेश वाचताना उजळलेला त्याचा चेहरा जरा उतरला.

मतीनचं दुकान कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बॅटऱ्या, हॉर्न आणि ट्रॅक्टरचे टेप. दिवाळी सरली की दुकानापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते ती मार्चपर्यंत हटत नाही. काट्यावर वजनाला नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला कधी दिवस लागतो, कधी दीड. तेवढा वेळ माणूस काय करणार? गाणी ऐकणार. म्हणून मतीनचा धंदा चालतो आणि त्याच धंद्यातून त्याचं चॅनल निघालं.

आठवडाभरात आलेली नवी रॅप गाणी तो शुक्रवारी रांगेतल्या एखाद्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावायचा आणि ड्रायव्हरांची तोंडं न्याहाळायचा. मान कोण हलवतो, कोण तंबाखू मळता मळता थांबतो, कोण ‘बदला की राव’ म्हणतो. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं उभा राहून प्रत्येक गाण्याचं वजन सांगायचा. उत्तम गाणं म्हणजे भरलेली जोडी, दोन्ही ट्रॉल्या काठोकाठ. बरं गाणं म्हणजे एक ट्रॉली. आणि टाकाऊ गाणं म्हणजे नुसतं वाढं, उसाचे शेंडे, जनावरापुढं टाकायचे. चॅनलचं नाव ‘मतीनचा काटा’. बीडपासून नांदेडपर्यंतची पोरं शुक्रवारी संध्याकाळी त्याची वाट बघत. त्याचे दोन नियम होते. गाणं आधी ऐकायचं नाही, पहिल्यांदा ट्रॅक्टरवरच ऐकायचं. आणि आठवड्याची सगळी गाणी एकाच ट्रॅक्टरवर लावायची, म्हणजे वजनात फरक पडत नाही.

त्या शुक्रवारी दोन्ही नियम मोडले.

सकाळी त्यानं तीन गाणी उरकली होती. नांदेडच्या एका मुलीचं होस्टेलच्या मेसवरचं गाणं ड्रायव्हरांनी दोनदा लावायला लावलं, त्याला भरलेली जोडी मिळाली. नागपूरच्या पोराचं एक ट्रॉलीत निघालं. मुंबईच्या एका मोठ्या नावाच्या गाण्यात मोटारी, साखळ्या आणि स्वतःचंच कौतुक होतं. ‘ह्याला एकदा रांगेत हुभा करा,’ असं एक ड्रायव्हर म्हणाला आणि मतीननं तेच वाक्य उचलून त्याला वाढ्यात टाकलं. तेवढ्यात त्या ट्रॅक्टरचा नंबर लागला आणि तो निघून गेला. मतीन पुढच्या कामाला लागला. सटवा नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रॅक्टरला चार नवे स्पीकर बसवायचे होते.

स्पीकर जोडताना मतीन पेन्सिल सेल लावून बघायचा. सेलची दोन टोकं तारांना टेकवली की स्पीकरचा पडदा बाहेर उसळला पाहिजे. आत गेला तर तार उलटी. बापानं, म्हणजे गावाच्या मैनुद्दीनचाचांनी, शिकवलेली रीत. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत ढकलायला लागला, तर दोघं एकमेकांचा खालचा आवाज खाऊन टाकतात. तीन स्पीकर असे तपासून झाले आणि मोबाइल वाजला. अमरसिंहचं नवं गाणं आलं होतं. नाव होतं ‘नंबर’.

अमरसिंह नांदूरघाटचा, अर्जुनराव पाटलांचा धाकटा. कॉलेजात असताना शब्द मतीनचे आणि आवाज अमरसिंहचा अशी दोघांची जोडी होती. गणपतीत, उरुसात, कॉलेजच्या गॅदरिंगला दोघं एकाच माइकवर उभे राहत. पुढं अमरसिंह पुण्याला निघाला तेव्हा म्हणाला होता, ‘चल बे मत्या, संगं जाऊ.’ मतीन म्हणाला, ‘ईद होऊ दे, येतो.’ ईद झाली, बापाची नजर अधू झाली, दुकान अंगावर आलं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. त्यामुळं मतीनला जळायला एकही सोयीचं कारण नव्हतं आणि कारण नसलेलं जळणं लवकर विझत नाही.

त्यानं तारा तशाच सोडल्या आणि मोबाइलवर गाणं लावलं. गाणं रांगेवरचं होतं. ह्याच रांगेवरचं, जी मतीनच्या उंबऱ्यापुढं दर हंगामात उभी असते.

पुढला सरकला हातभर, मी सरकलो हातभर,
सरकत सरकत गेलं अर्धं आयुष्य रांगेवर.

मतीननं ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा लावलं. तो एकच गोष्ट शोधत होता. एखादी तरी ओळ आपली असावी, जुन्या वहीतली, कधी गप्पांत बोललेली. एक ओळ सापडली असती तर चोर म्हणून ओरडता आलं असतं. सापडली नाही. सगळ्या ओळी अमरसिंहच्या होत्या. पुण्यात बसलेल्या माणसाला जे दिसलं, ते आपल्या दारात असून आपल्याला दिसलं नाही, एवढंच त्या शोधातून हाती लागलं.

“मतीनभाई, चौथा डब्बा जोडता का सांच्याला येऊ?” सटव्यानं हाक मारली. “नंबर लागंल माझा.”

मतीन उठला. चौथ्या स्पीकरच्या दोन्ही तारा काळ्याच होत्या. सेल टूलबॉक्सवर पडला होता. त्यानं तो उचलला नाही, अंदाजानं तारा जोडल्या आणि त्याच ट्रॅक्टरवर ‘नंबर’ लावलं.

गाणं पोकळ वाजलं. अमरसिंहचा आवाज होता, पण त्याखालचा ठोका कुठंतरी हरवला होता. रांगेतली माणसं आली, थोडं थांबली आणि पांगली. मतीनच्या कानाला कळलं होतं, काहीतरी चुकतंय. नांदेडच्या मुलीचं गाणं पुन्हा लावून बघितलं असतं तर तीन मिनिटांत उलगडा झाला असता. पण गाणं पोकळ निघालं म्हणून त्याला बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणं त्याला मोडायचं नव्हतं. कॅमेऱ्यापुढं तो म्हणाला, “पाटलांच्या पोरानं पुण्यात बसून रांग लिहिली. शब्द हायत, पर खालचा आवाजच गायब. ट्रॉलीत ऊस न्हाई, नुसतं वाढं.”

व्हिडिओ कापायचं काम त्याची बायको शाईस्ता करायची. दुपारी उशिरा ती कानात इयरफोन घालून बसली होती. तिनं मान वर केली.

“सुनो जी, मेरे कान में तो अच्छी धमक आरी.”

“इयरफोन में सब अच्छाच लगता.”

“फिर भी ऐसा नक्को बोलो. दोस्त है तुम्हारा.”

“काटे पे दोस्त नई रहता.”

शाईस्तानं कानातला इयरफोन काढला. “जलन होरी तुमको,” ती म्हणाली आणि व्हिडिओ टाकून दिला.

शनिवारी तो व्हिडिओ नेहमीपेक्षा दुप्पट पाहिला गेला. खाली नांदूरघाटचीच पोरं लिहीत होती, ‘पाटलाचं वाढं’. मतीन प्रत्येक शेरा वाचत होता आणि चहा गोड लागत होता. दुपारी अमरसिंहचा संदेश आला. शिवी असणार या तयारीनं मतीननं तो उघडला. आत लिहिलं होतं:

‘मत्या, काटा ऐकला. खालचा आवाज न्हाई म्हनतोस. मला इथं कळंना झालंय, स्टुडिओवाला म्हनतो सगळं ठीक हाय. पर तुझ्या कानावर माझा जास्त भरवसा हाय. सोमवारी गाणं खाली काढतो, नव्यानं मिक्स करून मग टाकतो.’

मतीननं नुसता अंगठा पाठवला. त्याला सगळं समजत होतं. पहिल्या आठवड्यात चाललं ते गाणं चाललं. मधेच खाली काढून पुन्हा टाकलेल्या गाण्याकडं कुणी वळून बघत नाही. अमरसिंह स्वतःच्या हातानं आपलं गाणं मारणार होता, तेही मतीनच्या एका शब्दावर.

रविवारी शाळेतलं झेंडावंदन आटपून पोरं घरी परतत होती. सटव्याचा ट्रॅक्टर पुढच्या खेपेचा ऊस घेऊन रांगेत लागला आणि सटवा तडक दुकानात आला.

“काय भाई, पैशे मोजून घेतले अन् उपाशी डब्बे बसवले व्हय? समदीच गाणी अशी वाजायलेत, जशी कुणी घशाला फडकं बांधलंय.”

“समदीच?”

“समदीच म्हंजे समदीच! देवीची आरती बी तशीच. माझी बायको म्हनली, हे टेप हाय का डास हाय?”

रांगेतले दोघं-तिघं हसले. मतीन हसला नाही. त्यानं सेल उचलला आणि तो ट्रॅक्टरवर चढला. पहिला स्पीकर, पडदा बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा बाहेर. चौथ्याला सेल टेकवला आणि पडदा आत गेला. त्यानं पुन्हा टेकवला. पुन्हा आतच गेला.

“काय झालं?”

“तार उलटी लागलीती.”

“हात्तिच्या! एवढंच व्हय,” सटवा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

मतीननं तार सुलटी जोडली. नांदेडच्या मुलीचं गाणं लावलं, ते खणखणीत वाजलं. तो खाली उतरणार तेवढ्यात सटवा म्हणाला, “आता ते नंबरचं लावा की. तुमी वाढं म्हनलात ते.”

“कशाला उगा?”

“लावा तर. तुमी म्हनलात म्हून मी दोन दिस लावलंच न्हाई. शुक्रवारी बी नीट ऐकू आलं न्हाई.”

मतीननं लावलं. पहिला ठोका पडला आणि ट्रॅक्टरचा पत्रा थरारला. ठोका असा होता, जसं पुढचं वाहन सरकावं, मागचं सरकावं, आणि मग थांबावं. अमरसिंहनं गाण्यातली रांग शब्दांत नव्हे, त्या ठोक्यात बसवली होती. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ती ऐकूच आली नव्हती. दोन ट्रॅक्टर मागचा म्हातारा ड्रायव्हर पायदानावर उभा राहिला. कुणीतरी भजी खाता खाता हात थांबवला. कडवं संपलं तसा सटवा ओरडला, “अरं, ह्यो आपलंच सांगायलाय की! परत लावा!”

परत लावलं. रांगेत बंद उभ्या ट्रॅक्टरांचे हॉर्न ठोक्यावर वाजू लागले. मतीन स्टिअरिंगला टेकून उभा होता. पोकळ गाण्यावर जळणं सोपं असतं. हे गाणं भरलेलं होतं.

तो दुकानात जाऊन खुर्चीत बसला. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. सटव्याला तारेपलीकडचं कळलं नव्हतं. अमरसिंह उद्या गाणं खाली काढणार, नवं मिक्स टाकणार, ते चालणार नाही, आणि सगळे म्हणतील, मतीनचा काटा खरा. बाहेर गाणं तिसऱ्यांदा लागलं. सटवा दारात आला.

“भाई, एक इचारू? तुमी ह्याला वाढं म्हनलात कावून? मी अडानी मानूस, मला तर जोडी भरलेली दिसायली. माझंच कान गेलेत का?”

आपल्या एका शब्दानं हा माणूस स्वतःच्या कानावर शंका घेऊ लागला होता. असं आणखी दोन-चारदा झालं की ह्या रांगेत आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही आणि दुसरं काही तर आपल्यापाशी नाहीच, हे मतीनला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

“कान तुजे बरोबर हायत,” तो म्हणाला. “चल, मोबाइल धर.”

ट्रॅक्टरपाशी उभं राहून त्यानं कॅमेऱ्यापुढं सेल दाखवला, तार मुद्दाम पुन्हा उलटी जोडून ‘नंबर’ ऐकवलं, मग सुलटी करून ऐकवलं. “शुक्रवारी चूक गाण्याची नव्हती, माझी होती,” तो म्हणाला. वजन सांगायची वेळ आली तेव्हा मात्र जीभ अडखळली. “भरलेली जोडी” एवढंच तो म्हणाला, आणि नेहमी त्यापुढं जोडायचा तो ‘काठोकाठ’ हा शब्द गिळला. शाईस्तानं व्हिडिओ कापताना ते ओळखलं आणि तो तसाच टाकून दिला.

मग त्यानं फोन लावला.

“गाणं खाली काढू नको, अमऱ्या. तार उलटी होती.”

“काय सांगतोस बे? सेल लावून बघितलं न्हाई व्हय? चाचांनी तर मला बी शिकवलं होतं.”

“न्हाई बघितलं.”

“कावून?”

मतीननं हातातला सेल टूलबॉक्सवर ठेवला. अमरसिंहनंच पुढं विचारलं.

“जळला व्हतास ना बे?”

“जळलो.”

“लई?”

“लई.”

“आता?”

“आता जास्त. आता ते नीट ऐकलंय.”

अमरसिंह हसला, पण ते हसू लांबलं नाही. “गावातली पोरं माझ्या बापाला रस्त्यात थांबवून वाढं वाढं करायलेत, मत्या. आबा दोन दिवस बाहेर पडले न्हाईत. ते कोन मागं घेनार?”

नवा व्हिडिओ टाकला आहे, एवढंच मतीन म्हणाला. तो व्हिडिओ जुन्याच्या निम्म्यानंही पाहिला गेला नाही.

नव्या मिक्ससाठी अमरसिंहनं शनिवारीच स्टुडिओवाल्याला पंधराशे रुपये उचल दिली होती. ती परत मिळाली नाही. ती मी देतो, असं मतीन म्हणाला. यूट्यूबच्या पैशातून हजार रुपये त्यानं त्याच दिवशी पाठवले. पाचशे रुपये अजून देणे आहेत.